घरी बनवलेली बिअर किती टिकते, आणि ती टिकवायची कशी

साधारण पाच टक्के अल्कोहोल असलेली, बाटलीत भरलेली घरची बिअर थंड आणि अंधाऱ्या जागी तीन ते सहा महिने चांगली राहते. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, घमघमाट असलेली आयपीए (इंडिया पेल एल) दोन महिन्यांतच उतरायला लागते. नऊ-दहा टक्क्यांपुढची इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइन दोन-तीन वर्षं सहज निघते, आणि पहिले काही महिने तर ती मुरायलाच लागतात. हे झालं ढोबळ उत्तर. पण एकाच दिवशी, एकाच भांड्यातून भरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक चार महिन्यांनी ताजी लागते आणि दुसरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो, असंही होतं. त्याचं कारण बहुतेक वेळा बाटली भरतानाच घडलेलं असतं. एकीत हवा जास्त शिरली, दुसरीत कमी. फ्रिज बिअरचं म्हातारपण लांबवतो, पण आत गेलेला ऑक्सिजन बाहेर काढणं त्याच्या हातात नाही. म्हणून या लेखात साठवणीइतकाच भर बाटली भरण्यावर आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे, घरच्यापुरती बनवली तरी. त्यामुळे हे लिखाण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, जिथे घरगुती ब्रुइंगला मुभा आहे. अमेरिकेत ती १९७८ च्या कायद्याने मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. बनवा, प्या, मित्रांना पाजा, पण विकू नका.

पुढची सगळी मापं १९ लिटरच्या, म्हणजे पाच अमेरिकन गॅलनच्या, घाण्यासाठी आहेत. उदाहरण म्हणून साधी अमेरिकन पेल एल धरली आहे. सुरुवातीची घनता १.०५०, शेवटची १.०१२, अल्कोहोल पाच टक्के.

बिअर खराब होते म्हणजे काय होतं

जुनी बिअर विषारी होत नाही. तिचा पीएच ४ ते ४.५ असतो, त्यात अल्कोहोल असतं, हॉप्सची कडू आम्लं असतात, कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि जंतूंना खायला साखर फारशी उरलेली नसते. माणसाला आजारी पाडणारे जंतू अशा ठिकाणी वाढत नाहीत. त्यामुळे दुधाच्या पिशवीवर असते तशी मुदत घरच्या बिअरला नसते, उतरते ती चव. वर बुरशीचा केसाळ थर दिसला तर मात्र विचार न करता ओतून द्या. आणि बिनअल्कोहोलची बिअर करणाऱ्यांनी हे सगळं स्वतःला लागू धरू नये, कारण तिथे ही तटबंदी फारच पातळ असते. अशी बिअर पाश्चराइझ न करता बाहेर ठेवणं धोक्याचं आहे.

चव उतरवणाऱ्या गोष्टींत ऑक्सिजन पहिला. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) मेदाम्लांशी त्याची गाठ पडली की पुढे ट्रान्स-२-नोनेनल नावाचं संयुग जाणवायला लागतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो तो याचा, आणि अब्जात ०.१ भाग इतकं असलं तरी ते नाकाला कळतं. हॉप्सचा वास त्याच्याही आधी जातो. फिकट बिअरला मधाळ गोडसरपणा येतो, गडद बिअरला शेरी वाइनची छटा येते. हेझी, म्हणजे गढूळ दिसणाऱ्या, आयपीएचं उतरणं तर डोळ्यांनाच दिसतं. पिवळीधमक असलेली काही आठवड्यांत मळकट तपकिरी होते.

दुसरी उष्णता. ती स्वतः नवीन दोष निर्माण करत नाही, चालू असलेल्या सगळ्या बिघाडांचा वेग वाढवते. ब्रुअर लोकांत ३-३०-३०० असा ठोकताळा आहे. बिअर ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत जेवढी म्हातारी होते, तेवढी २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत होते. हा काटेकोर नियम नव्हे, पण जुलै महिन्यात गाडीच्या डिकीत विसरलेल्या खोक्याचं काय होणार हे सांगायला पुरेसा आहे.

तिसरा प्रकाश. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या मध्यस्थीने ३-मिथाइल-२-ब्युटीन-१-थायोल तयार होतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना हा वास ओळखीचा आहे. रस्त्यावर स्कंक (घाण वास सोडणारा प्राणी) चिरडला गेल्यावर येणाऱ्या वासाच्याच जातीचा. पारदर्शक बाटली भर उन्हात असेल तर काही मिनिटं पुरतात. हिरवी काच थोडाच बचाव करते. तपकिरी काच बरीच चांगली, पण तीही प्रकाश पूर्ण अडवत नाही, म्हणून पुठ्ठ्याचं बंद खोकं हवंच.

उरले सूक्ष्मजीव. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस आंबट करतात, जंगली यीस्ट उरलीसुरली साखर खाऊन बाटलीत दाब वाढवतं. आणि आपलंच यीस्ट उबेत महिनोन्‌महिने तळाशी पडून राहिलं की त्याच्या पेशी फुटतात आणि सोया सॉसची, मांसाच्या अर्काची चव उतरते.

बाटली भरण्याआधी: आंबणं खरंच संपलंय का?

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही. हायड्रोमीटरने घनता मोजा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा, आणि आकडा जागचा हलला नसेल तरच पुढे जा. घनतेचा प्रत्येक शिल्लक अंश (०.००१) बाटलीत जाऊन सुमारे अर्धा व्हॉल्यूम गॅस देतो; एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर बिअरमध्ये विरघळलेला लिटरभर गॅस. १.०१२ वर थांबायला हवी ती बिअर १.०१६ वर भरली, तर वरून घातलेल्या साखरेचा गॅस धरून बाटलीत साडेचार व्हॉल्यूमच्या आसपास दाब होतो. साधी ३५५ मिलीची बाटली तो सोसेलच असं नाही.

ड्राय हॉपिंग (वासासाठी फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, वरून हॉप्स घालणं) करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरून चालावी. हॉप्समध्ये विकरं असतात. यीस्टला खाता न येणारी लांब साखळीची साखर ती तोडून देतात आणि थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. म्हणून ड्राय हॉप घातल्यावर १८ ते २० अंशांना किमान तीन-चार दिवस द्या, आणि घनता त्या नंतर पाहा, आधी नव्हे. सेझॉन या बेल्जियन बिअरची काही यीस्टं मुळातच अशी साखर तोडणारी असतात. त्यांच्याबाबत आठवडाभर जास्त थांबायला हात आखडता घेऊ नका.

गाळ बसवायला फर्मेंटर थंड करताना एक सापळा आहे. वीस अंशांवरून दोन अंशांवर आणलं की आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतून) बाहेरची हवा, कधी एअरलॉकमधलं पाणीसुद्धा, आत ओढलं जातं. आंबणं जोरात असताना त्याच गॅसने एक फुगा किंवा जाड पिशवी भरून ठेवा आणि थंड करताना ती एअरलॉकच्या जागी लावा. ते जमत नसेल तर बाटलीत भरायच्या बिअरसाठी ही पायरी सरळ गाळा. गाळ बाटलीतही बसतो. दुसऱ्या भांड्यात नुसती ओतून ठेवण्याची जुनी पद्धत तर पाच टक्क्यांच्या बिअरला आमच्या मते नुकसानाचीच आहे. एका ओतण्यामागे जेवढी हवा मिसळते, त्या मानाने मिळत काहीच नाही.

बाटली भरण्याचा दिवस

१. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. मळ असलेल्या काचेवर कुठलंही जंतुनाशक काम करत नाही. बाटल्या पीबीडब्ल्यूसारख्या धुण्याच्या पावडरीच्या, म्हणजे अल्कलीच्या, गरम पाण्यात काही तास बुडवा, खळखळून धुवा आणि एकेक उजेडाकडे धरून तळाशी कडं दिसतंय का पाहा. मग स्टार सॅन हे जंतुनाशक लिटरला १.६ मिली या प्रमाणात, म्हणजे १९ लिटरला ३० मिली. एक-दोन मिनिटं आतून ओलं राहिलं की झालं. उरलेला फेस धुवायचा नाही. पिरगाळून उघडायच्या झाकणांच्या बाटल्या बाजूला काढा, हाताच्या कॅपरने (झाकण दाबून बसवायच्या यंत्राने) त्या नीट बंद होत नाहीत.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे बॉटलिंग बकेटची, बाटल्या भरायच्या बादलीची, तोटी. ती नुसती वरून धुतली जाते. प्रत्यक्षात बहुतेक तोट्यांत एकात एक बसणारे दोन प्लास्टिकचे भाग असतात. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून मागून दाबलं की आतला भाग निसटतो, आणि दोन्हींच्या मधे मागच्या घाण्याचा तपकिरी, बुळबुळीत थर सापडतो. एका बॅचमधल्या सगळ्याच बाटल्या हळूहळू आंबट होत असतील तर पहिला संशय इथे घ्या. नळ्या मात्र धुऊन वर्षानुवर्षं वापरू नका. आतून ओरखडे पडले किंवा पांढुरक्या झाल्या की बदला.

२. साखर वजन करून घ्या, चमच्याने मोजू नका. पेल एलला २.४ व्हॉल्यूम गॅस हवा, त्यासाठी १९ लिटरला ११२ ग्रॅम साधी साखर. २५० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि कोमट होऊ द्या. हा आकडा आंबणं २० अंशांना संपलं असं धरून आहे, कारण तेव्हा बिअरमध्ये आधीच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम गॅस विरघळलेला असतो. नंतर बिअर थंड केली असेल तरी हिशेबात आंबण संपल्यावरचं सर्वांत जास्त तापमानच धरायचं. इथे चुकून दोन अंश धरले तर साखर कितीतरी कमी पडते आणि बिअर मिळमिळीत होते. इंग्लिश बिटरला १.९ व्हॉल्यूम पुरतो, म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपास. जर्मन गव्हाच्या बिअरला ३.३ हवा असेल तर साखर १८० ग्रॅमपर्यंत जाते. पण मग बाटल्याही जाड काचेच्या घ्या.

३. साखरेचं पाणी आधी बकेटच्या तळाशी ओता आणि त्यावर सायफनने बिअर सोडा. नळीचं टोक तळाला टेकलेलं आणि कडेने वळवलेलं हवं, म्हणजे बिअर स्वतःच गोल फिरत मिसळते. धबधबा पडता कामा नये, नळीत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये. शेवटी निर्जंतुक केलेल्या डावाने दोन-तीनदा हलकेच फिरवा. पहिल्या बाटल्या सपक आणि शेवटच्या उतू जाणाऱ्या निघाल्या तर साखर नीट मिसळली नव्हती.

४. बॉटलिंग वाँड (टोक दाबलं की बिअर सोडणारी नळी) बाटलीच्या तळाला टेकवून भरा. बिअर तोंडाशी आली की वाँड काढा, वर अडीच ते चार सेंटिमीटर जागा आपोआप राहते. आता या जागेचा हिशेब पाहा. ३५५ मिलीच्या बाटलीच्या मानेत अडीच सेंटिमीटर म्हणजे सुमारे ८ मिली हवा, त्यात दोन मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन. लिटरमागे सहा मिलिग्रॅम झाला. मोठ्या ब्रुअरी हाच आकडा सगळा मिळून ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवायला धडपडतात. बाटलीतलं जिवंत यीस्ट साखर खाताना यातला बराच ऑक्सिजन वापरून टाकतं, म्हणूनच घरची बिअर तरून जाते. पण यीस्ट सगळा संपवत नाही. त्यामुळे आयपीए आणि पेल एल भरताना वाँड काढल्यावर वरून थोडी बिअर घालून ही जागा दीड सेंटिमीटरपर्यंत आणा. फरक महिन्याभरात रंगावरून दिसतो.

५. भरलेल्या बाटलीवर लगेच झाकण टेकवा आणि सहा-सात भरून झाल्या की दाबत चला. सगळ्या ५० बाटल्या भरून मग झाकणं लावायला घेऊ नका. ऑक्सिजन शोषणारी झाकणं ओली झाली की काम सुरू करतात, म्हणून ती तासभर आधी सॅनिटायझरमध्ये भिजत घालू नका. लावण्याआधी बुचकळून काढली की पुरे. झुलत्या झाकणाच्या बाटल्यांचे रबर दरवर्षी बदला, भेग पडलेलं रबर गॅस धरत नाही.

६. एक बाटली प्लास्टिकची भरा. दाबून हवा काढा आणि बिअर तोंडाशी आल्यावर बूच फिरवा. बाटली दगडासारखी कडक झाली की बाकीच्या बाटल्यांतही गॅस तयार झाला असं समजा. प्लास्टिकमधून ऑक्सिजन आत झिरपतो, म्हणून ती आधी संपवा. दोन-तीन महिन्यांपलीकडे प्लास्टिकमध्ये काही ठेवू नये.

७. प्रत्येक झाकणावर मार्करने तारीख आणि प्रकार लिहा. सहा महिन्यांनी सगळ्या तपकिरी बाटल्या सारख्याच दिसतात.

यानंतर खोकं १८ ते २२ अंशांच्या खोलीत दोन ते तीन आठवडे ठेवा, शक्यतो झाकणाच्या प्लास्टिक टबमध्ये, म्हणजे एखादी बाटली फुटलीच तर काचा आणि बिअर आत राहतील. नऊ टक्क्यांपुढच्या बिअरला चार ते आठ आठवडे लागतात. ती महिनोन्‌महिने मुरवून मग भरत असाल तर थकलेल्या यीस्टवर विसंबू नका, बाटलीसाठी म्हणून मिळणारं कोरडं यीस्ट १९ लिटरला दोन ग्रॅम घाला. दोन आठवड्यांनी एक बाटली २४ तास फ्रिजमध्ये ठेवून उघडून पाहा. गॅस मनासारखा आला की सगळ्या थंडीत हलवा. गॅस तयार झाल्यावर उबेत घालवलेला प्रत्येक आठवडा हा आयुष्यातून वजा होणारा आठवडा आहे.

कुठे ठेवायची

सगळ्यात उत्तम २ ते ४ अंशांचा फ्रिज. त्यानंतर १० ते १३ अंशांचं तळघर. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या घरांची बेसमेंट हिवाळ्यात त्याच्या जवळ जातात. घरातलं अंधारं कपाट २०-२२ अंशांचं असेल तर दोन-तीन महिन्यांत पिऊन टाकायच्या बिअरला चालतं. गॅरेज नको. टेक्सास-अॅरिझोनात उन्हाळ्यात ते चाळिशी ओलांडतं, आणि मिनेसोटात हिवाळ्यात बाटल्या गोठून फुटतात. पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांनाच गोठायला लागते. स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावरची जागा मोकळी दिसते, पण तिथे मागच्या कॉइलची धग सतत येते.

बाटल्या उभ्याच ठेवा. यीस्टचा गाळ तळाशी घट्ट बसतो आणि ओतताना वर येत नाही. आडव्या ठेवायच्या त्या वाइनच्या, बूच ओलं राहावं म्हणून. बिअरच्या पत्र्याच्या क्राउन झाकणाला त्याची गरज नाही.

थंड केलेली बिअर पुन्हा बाहेर काढली की नासते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. एकदा-दोनदा तापमान बदलल्याने काही बिघडत नाही. मोजायचं ते एवढंच की एकूण किती दिवस ती उबेत राहिली.

फ्रिज लहान असेल तर रांग लावा. आधी आयपीए आणि पेल एल, मग गव्हाची बिअर आणि लागर. स्टाउट, पोर्टर, बेल्जियन डबल तळघरात राहू द्या.

कोणती किती दिवस

हेझी आयपीएला फ्रिजमध्येसुद्धा चार ते सहा आठवडे, बाटलीत असेल तर त्याहून कमी धरा. वेस्ट कोस्ट आयपीए आणि पेल एल दोन ते तीन महिने. जर्मन हेफेवाइझेन भरल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत बहरात असते. केळी-लवंगेचा वास त्यानंतर ओसरतो. इंग्लिश बिटर तीन-चार महिने. पिल्सनर आणि इतर लागर नीट मुरवलेल्या असतील तर थंडीत सहा महिने सहज काढतात, मात्र त्यांना ऊब सोसत नाही. पाच-सहा टक्क्यांच्या स्टाउट-पोर्टरचे सहा ते नऊ महिने. भाजलेल्या माल्टच्या चवी बारीकसारीक दोष झाकून नेतात. बेल्जियन डबल आणि क्वाड एक-दोन वर्षं. आंबट बिअरची गोष्टच निराळी. ब्रसेल्सजवळची ग्युझ बाटलीत दहा वर्षं आणि त्याहून जास्तही सुधारत राहते, कारण तिच्यातलं ब्रेटॅनोमायसिस यीस्ट शिरलेला ऑक्सिजन वापरत राहतं आणि चव बदलत नेतं.

आयपीए हे नाव आपल्याकडच्या प्रवासावरून पडलं. लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीची पेल एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई-कलकत्त्याला येत असे. पिंपं आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी पोचायची. ती टिकायची कारण भरपूर हॉप्स, आंबून जवळजवळ संपलेली साखर, आणि मुळात मुरवून प्यायचीच रीत. आजची हेझी आयपीए नावाने त्याच घराण्यातली, स्वभावाने मात्र अगदी उलट. हॉप्सच्या ताज्या तेलांसाठीच ती बनवली जाते आणि ती तेलं सगळ्यात आधी उडतात. तेव्हा 'आयपीए म्हणजे टिकाऊ' या समजुतीवर तिला तळघरात टाकू नका.

केगमध्ये

केगचा, म्हणजे गॅसच्या दाबाखाली बिअर ठेवायच्या धातूच्या पिंपाचा, मोठा फायदा म्हणजे हवा जवळजवळ पूर्ण टाळता येते. १९ लिटरचा कॉर्नी केग काठोकाठ सॅनिटायझरने भरा, झाकण लावा आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ते सगळं पाणी लिक्विड पोस्टमधून (बिअर काढायच्या तोंडातून) बाहेर ढकला. आत उरतो फक्त गॅस. मग फर्मेंटरमधून नळीने लिक्विड पोस्टवाटेच बिअर तळाशी सोडा आणि गॅस पोस्ट (गॅस आत सोडायचं तोंड) किंवा दाब सोडायची झडप उघडी ठेवा. रिकाम्या केगमध्ये बिअर ओतून वरून दोनदा गॅस मारणं याच्या जवळपासही जात नाही. ते करायचंच असेल तर ३० पीएसआय (दाबाचं एकक) इतक्या दाबाने भरून सोडणं किमान दहा वेळा करा.

भरल्यावर एकदा ३० पीएसआय द्या, म्हणजे झाकणाची रिंग घट्ट बसते. मग ३-४ अंशांना १० ते १२ पीएसआयवर दोन आठवडे ठेवा, सुमारे अडीच व्हॉल्यूम मिळतात. रिंगांना अन्नयोग्य ग्रीस लावा आणि साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे येतात का पाहा. सिलिंडर रात्रीत रिकामा होतो तो जवळपास नेहमी झाकणाच्या किंवा पोस्टच्या रिंगमधून. केगच्या बिअरमध्ये १९ लिटरला ०.३ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालणारेही आहेत. लिटरला नऊ-दहा मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड ऑक्सिजनला अडवतो. बाटलीत गॅस तयार करायच्या बिअरला हे नको, आणि घरी कोणाला दमा असेल तर केगलाही नको. अशा केगमधली पेल एल तीन महिने, लागर सहा महिने ताजी लागते. नळी आणि नळ दर दोन आठवड्यांनी अल्कलीने धुवा. केग चांगला आणि ग्लासातली बिअर आंबट, असं झालं तर दोष नळीतच आहे.

ग्राउलरमध्ये (बिअर बाहेर न्यायच्या मोठ्या बाटलीत) नळावरून भरलेली बिअर तीन-चार दिवसांत, आणि एकदा उघडली की दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. त्याला पर्याय नाही.

चव काय सांगते

पुठ्ठा किंवा शिळा मध: भरताना हवा गेली किंवा ऊब लागली. आता दुरुस्त होणार नाही, पुढच्या घाण्याला भरण्याची पद्धत बदला. लोण्याचा वास: डायअसेटिल. नवीन बिअर असेल तर आंबण अर्धवट राहिलं होतं, बाटल्या २० अंशांना आठवडाभर ठेवल्या तर यीस्ट ते कधीकधी खाऊन टाकतं. जुन्या बिअरमध्ये नव्याने आला असेल तर पेडिओकॉकसची शंका घ्या. बाटलीच्या मानेला बिअरच्या पातळीवर पांढरं कडं आणि आंबट वास म्हणजे संसर्ग. सोया सॉस म्हणजे यीस्ट फुटलं. तीन आठवड्यांनीही सपक असेल तर आधी खोलीचं तापमान पाहा. पंधरा अंशांच्या बेसमेंटमध्ये यीस्ट झोपलेलं असतं. बाटल्या हलक्या हाताने उलट्या करून उबेत आणा आणि दोन आठवडे द्या.

बाटली उघडताच कारंजं उडालं तर ते एकाच बाटलीत आहे की सगळ्यांत, हे आधी ठरवा. एकच असेल तर ती बाटली मळकी होती. सगळ्यांत असेल आणि दाब आठवड्यागणिक वाढत असेल तर जंगली यीस्ट आहे किंवा बिअर लवकर भरली गेली. चष्मा, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खोकं उचला. बाटल्या पूर्ण दोन दिवस फ्रिजमध्ये थंड होऊ द्या, थंड बिअर गॅस धरून ठेवते. मग एकेक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, सिंकमध्ये, झाकणाची कड किंचित उचलून गॅस सोडा. एखादी आधीच फुटली असेल तर खोक्याला हात न लावता त्यावर जाड चादर टाका आणि खोली थंड होईपर्यंत थांबा. अशा बॅचचा मोह सोडलेला बरा.

वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर

डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने १९६८ मध्ये काढलेली थॉमस हार्डीज एल पंचवीस वर्षं ठेवता येईल अशा दाव्यानिशी विकली जात असे. अकरा-बारा टक्के अल्कोहोल, भरपूर माल्ट, आणि बाटलीत जिवंत यीस्ट. घरी हेच करायचं तर नऊ टक्क्यांच्या वरची, गडद, माल्टचं अंग असलेली बिअर निवडा. पाच टक्क्यांची बिअर ठेवून ठेवून मोठी होत नाही. ऑक्सिजन शोषणारी झाकणं वापरा, झाकण आणि मानेचा वरचा भाग वितळलेल्या बॉटलिंग वॅक्समध्ये बुडवा, तापमान १० ते १३ अंश राखा. त्याहून थंड ठेवली तर मुरणं फारच मंदावतं.

बारा बाटल्या तरी बाजूला काढा आणि दर सहा महिन्यांनी एक उघडून दोन ओळी लिहून ठेवा: रंग, वास, कडवटपणा, गॅस. पहिल्या वर्षात कच्च्या अल्कोहोलचा चटका आणि कडवटपणा कमी होतो. दुसऱ्या वर्षात खजूर-मनुक्यांच्या चवी पुढे येतात. मग एका टप्प्यावर शेरी वाढते, अंग पातळ व्हायला लागतं आणि सोया सॉसची चाहूल लागते. लागोपाठ दोन बाटल्यांत ती चाहूल लागली की उरलेल्या सगळ्या फ्रिजमध्ये हलवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.